पुढे काय करावयाचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडील बहुतेक सुशिक्षित घरांत एकच प्रश्न महिनाभर घोळत राहतो. आजोबा तो पूजा आटोपल्यावर विचारतात, काका पानावर बसल्या बसल्या विचारतात, आत्याबाई परगावाहून फोनवर विचारतात. आणि ज्याला तो विचारावयाचा ते मूल मात्र बहुधा गप्प असते. 'पुढे काय करावयाचे?' हा तो प्रश्न होय. उत्तर आलेच तर ते एखाद्या पदाच्या नावाने येते. डॉक्टर व्हावयाचे, इंजिनिअर व्हावयाचे, कलेक्टर व्हावयाचे! उत्तर ऐकून वडीलधाऱ्यांचे समाधान होते व प्रश्न मिटला असे सर्वजण समजतात. आमच्या मते प्रश्न तेथे मिटत नाही; किंबहुना तो अद्याप नीट विचारलाच गेलेला नसतो. तो कसा विचारावा याचा थोडा विचार वर्धा जिल्ह्यातील एका गावाच्या निमित्ताने येथे करावयाचा आहे.

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना सेलू तालुक्यात केळझर हे गाव लागते. विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक स्थान म्हणून भाविकांस ते परिचित आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी या गावची परंपरागत समजूत असून येथील गणपतीसही एकचक्रा गणेश असे म्हणतात. एकचक्रा आमचीच असे सांगणारी गावे देशात आणखीही आहेत. तो वाद संशोधकांकडे सोपवू. आपणांस प्रयोजन आहे ते कथेशी.

कथा सर्वश्रुत आहे. बकासुरास गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पोहोचवावयाचा, आणि तो प्रत्येक घराने पाळीपाळीने द्यावयाचा, असा त्या नगरीचा रिवाज पडून गेला होता. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले होते त्याची पाळी आली. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला जाऊ द्या. आणि बोबडे बोलणारा लहानगा मुलगा हाती गवताची काडी घेऊन म्हणतो की, हिने मी राक्षसास मारीन. त्या दुःखातही घरातील माणसांस हसू येते.

पुढे कुंती काय करते ते पाहण्याजोगे आहे. ती पाळीचा हिशेब करीत नाही. पाच पुत्रांपैकी ती भीमास पाठविते. युधिष्ठिर तिला बोल लावतो, तेव्हा ती केवळ आईच्या विश्वासाचा हवाला देत नाही. भीमाने लाक्षागृहातून सर्वांस कसे वाहून नेले, हिडिंबास कसे मारले, हे प्रत्यक्ष पाहिलेले पुरावे ती पुढे ठेवते. गरज कोणती आहे हे तिने ओळखले होते, आणि ती भागविण्याचे सामर्थ्य कोणाच्या ठायी सिद्ध झाले आहे हेही तिला ठाऊक होते.

आता आपल्या घरांकडे पाहावे. थोरला इंजिनिअर झाला, आता धाकट्याची पाळी. चुलतभाऊ पुण्यास स्पर्धा परीक्षेस बसला, आता हाही बसेल. शेजारच्या मुलीस अमुक गुण मिळाले, तेव्हा आपली मुलगीही त्याच शाखेस जाईल. हा पाळीचा न्याय नव्हे तर काय? यात गरजेचा विचार नाही आणि सामर्थ्याची पारखही नाही.

आणि या पाळीची किंमत लहान नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेस १० लाखांहून अधिक अर्ज आले आणि अखेरीस निवड झाली ती १,०१६ जणांची. म्हणजे हजारात एक. खुल्या वर्गातील उमेदवारास वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा वेळा ही परीक्षा देता येते. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांतील पुष्कळांची ऐन उमेदीची पाच-सात वर्षे भाड्याच्या खोलीत पुस्तकांपुढे जातात. त्यांच्यात बुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? परंतु ज्याने 'मी कलेक्टर होणार' एवढेच ध्येय ठेविले, त्याच्या हाती अपयशानंतर काहीच उरत नाही. खुर्ची मिळाली नाही की ध्येयही संपले.

याच्या उलट उदाहरण याच वर्धा जिल्ह्यात घडले आहे व ते प्रत्येक घरात सांगितले जावे अशा योग्यतेचे आहे. ठाकुरदास बंग हे वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढील अध्ययनासाठी अमेरिकेस जाण्याची सर्व सिद्धता झाली असता ते सेवाग्रामास गांधीजींचा निरोप घेण्यास गेले. अर्थशास्त्र शिकावयाचे तर अमेरिकेपेक्षा हिंदुस्थानातील खेड्यांत जावे, अशा आशयाचे चार शब्द गांधीजी बोलले आणि प्राध्यापकांनी परदेशगमनाचा बेत सोडून खेड्याची वाट धरली. अर्थशास्त्राचा त्याग त्यांनी केला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते कोठे व कोणासाठी शिकावयाचे, एवढेच बदलले.

त्यांच्या दोन मुलांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. अशोक व अभय हे दोघे भाऊ एके दिवशी सायकलीवरून चालले होते. धाकट्या अभयचे वय तेव्हा १३ होते. आता आपण मोठे झालो, आयुष्यात काय करावयाचे ते ठरविले पाहिजे, असे थोरल्याने काढले. खेड्यांची शेती सुधारावयाची हे अशोकने आपल्याकडे घेतले. तेव्हा खेड्यांतील लोकांचे आरोग्य सुधारावयाचे हे अभयच्या वाट्यास आले. या वाटणीत 'कृषी अधिकारी' हा शब्द नाही, 'डॉक्टर' हाही नाही. दोघांनी पद निवडले नाही, काम निवडले. पदवी मागाहून आली, आणि ती त्या कामाचे हत्यार म्हणून आली.

याचा परिणाम कसा झाला तो पाहा. अभय बंग नागपूरहून एम.बी.बी.एस. व एम.डी. झाले. डॉक्टर होणे हेच ध्येय असते तर गोष्ट येथे संपली असती व नागपुरात एक चांगला दवाखाना निघाला असता. परंतु खेड्यांत काम करू लागल्यावर नुसते औषधोपचार अपुरे पडतात, रोगाची मोजदाद व कारणमीमांसा करण्याचे शास्त्र आपणांस हवे, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे पतिपत्नी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले. वडिलांनी अमेरिका सोडली ती ज्या हेतूने, त्याच हेतूने मुलगा अमेरिकेस गेला! हेतू पक्का असला म्हणजे मार्ग बदलण्याची लाज वाटत नाही.

पुढे गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. नवजात बालकांस घरच्या घरी उपचार मिळावेत म्हणून गावातीलच स्त्रियांस शिक्षण देण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांत केलेल्या त्या प्रयोगाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले, आणि २०११ पासून ही पद्धती देशाच्या आरोग्य कार्यक्रमाचा भाग झाली.

डॉ. राणीबाईंचे उदाहरण आमच्या भगिनीवर्गाने विशेष लक्षात घ्यावे. त्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे १९८९ साली जगापुढे मांडले. गावोगावच्या स्त्रिया पिढ्यानुपिढ्या जे मुकाट्याने सोशीत होत्या त्याची नोंद घेण्यास एका स्त्री-वैद्याची गरज होती. मुलीच्या शिक्षणाचा विचार निघाला की आपल्या घरांत अजूनही 'स्थळ कोठले येईल' या प्रश्नावर बेत लांबणीवर पडतात. मुलीने कोणते काम हाती घ्यावयाचे हे आधी ठरावे. स्थळाने त्या कामाशी जुळते घ्यावे.

येथे कोणी म्हणेल, 'ही थोरांची चरित्रे झाली. आम्हांस मुलगा मिळवता करावयाचा आहे. घराचे कर्ज फेडावयाचे आहे.' ही शंका अगदी रास्त आहे. आम्ही कोणास संन्यास घेण्यास सांगत नाही. प्रामाणिकपणे मिळविणे व कुटुंब पोसणे हे उच्चच काम आहे. परंतु काम निवडावे, पद नव्हे, हा नियम मिळकतीच्या दृष्टीनेही अधिक शहाणपणाचा आहे.

केळझरच्याच परिसरातील एखादा विद्यार्थी घ्या. भोवताली कापूस, सोयाबीन व तूर पिकते. 'मला इंजिनिअर व्हावयाचे आहे' असे तो म्हणेल तर त्याच्यापुढे एकच दार आहे, आणि प्रवेश परीक्षेत चार गुण कमी पडले की ते बंद! पण 'येथे पिकणाऱ्या मालापासून गावाजवळच पक्का माल कसा करावा, हे मला शिकावयाचे आहे' असे म्हटले, की पुष्कळ दारे दिसू लागतात. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था १९४२ सालापासून रसायन व तेल यांचे तंत्र शिकवीत आली आहे. तेथे जागा न मिळाली तर पदविका आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, वाणिज्य शाखेतून त्याच धंद्याचा हिशेब व बाजार शिकता येतो. ज्या मुलीस रुग्णांची सेवा करावयाची आहे तिला वैद्यकीय प्रवेश न मिळाला तरी परिचर्या, औषधनिर्माण, प्रयोगशाळेतील तपासणी, आहारशास्त्र हे मार्ग मोकळेच असतात, आणि ते दुय्यम आहेत ही समजूत आपण वडीलधाऱ्यांनीच आधी टाकली पाहिजे.

मग हे काम ओळखावयाचे कसे? कुंतीप्रमाणे पाहून, पारखून. सतरा वर्षांच्या मुलाने केवळ विचार करून आवड ठरवावी ही अपेक्षाच चुकीची आहे. हात लावल्याखेरीज कल कळत नाही. वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' निघाली तिचे मर्म हेच होते की, हाताच्या उद्योगाभोवती शिक्षण गुंफावे. अभय बंगांचे बालपणीचे शिक्षण सेवाग्रामच्या नई तालीम शाळेतच झाले. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे असे सुचविले आहे. सेवाग्रामला १९६९ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. रोग्याचे घर पाहिल्यावर रोगाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हा तेथील अनुभव आहे.

यास्तव कुटुंबांनी पुढील गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. मुलाने आपले ध्येय एका वाक्यात लिहावे व त्या वाक्यात कोणत्याही पदाचे नाव येऊ देऊ नये. 'मला अमुक काम करावयाचे आहे, अमुक लोकांसाठी' एवढेच त्यात असावे. वाक्य सुचेपर्यंत घाई करू नये, आणि सुचल्यावर ते अंतिमही मानू नये.

दुसरे, सुट्टीतील पंधरा दिवस त्या कामात प्रत्यक्ष गुंतलेल्या माणसाजवळ घालवावे. एकत्र कुटुंबाचा हा मोठा लाभ आहे. नातेवाईकांत वकील, शेतकरी, परिचारिका, हिशेबनीस, शिक्षक असे कोणी ना कोणी असतेच. तेथे जाऊन धंद्याची कंटाळवाणी बाजू आवर्जून पाहावी. ती पाहूनही मन मागे फिरले नाही, तर कल खरा समजावा.

तिसरे, मोठ्या ध्येयाच्या वर्षावर्षाच्या पायऱ्या पाडाव्यात. या वर्षी कोणता विषय पक्का करावयाचा, पुढील वर्षी कोणती परीक्षा, त्यानंतर कोठे उमेदवारी, हे तारखेसह लिहून ठेवावे. दर सहा महिन्यांनी ते घरातील एका जाणत्या माणसासह वाचावे. स्पर्धा परीक्षा द्यावयाची असेल तर किती वेळा द्यावयाची व त्यानंतर कोणते दार ठोठवावयाचे, हे पहिल्या परीक्षेपूर्वीच ठरवावे. हरल्यावर मन थकलेले असते; तेव्हा हा निर्णय नीट होत नाही.

चौथे काम वडीलधाऱ्यांचे आहे. शिक्षणासाठी किती पैसा आहे व किती कर्ज झेपेल, हे मुलांस स्पष्ट आकड्यांत सांगावे. ती लपवाछपवी पुढे फार महाग पडते. आणि घराण्याच्या नावाचे ओझे त्यांच्या खांद्यावर देऊ नये. आजोबांनी युधिष्ठिराप्रमाणे कठीण प्रश्न जरूर विचारावेत, कारण त्यांनीच बेत तावून सुलाखून निघतो. पण मुलाने उत्तरादाखल पुरावा दिला, तर कुंतीच्या युधिष्ठिराप्रमाणेच त्यांनी तो मान्यही करावा.

आणि एखाद्या लहानग्याने हातात काडी घेऊन मोठाच बेत सांगितला, तर हसावे खुशाल. परंतु त्याची काडी काढून घेऊ नये. तो कोणाशी लढावयास निघाला आहे ते विचारावे. त्या उत्तरातच बहुधा त्याचे पुढील काम दडलेले असते.