चलच्चित्र तबकडीवर उतरवितांना



घरांतील लग्नकार्य, हौशी मंडळींनीं केलेलें एखादें नाटक, किंवा आजीनें स्वतःच्या तोंडानें सांगितलेल्या जुन्या आठवणी, यांचें चित्रमुद्रण आतां अनेकांच्या संगणकांत सांठलेलें असतें. तबकडीचा उपयोग पूर्वीपेक्षां पुष्कळच कमी झाला आहे, हें खरें. परंतु ज्या घरीं वडीलधाऱ्यांना डीव्हीडीचें यंत्रच हाताळण्याची सवय आहे, तेथें आजही तबकडीच सोयीची ठरते. मात्र ती त्या यंत्रांत चालेल कीं नाहीं, आणि चालली तरी माणसांचे चेहरे ओळखूं येतील कीं नाहीं, हें संगणकांतून चित्र बाहेर काढतांना आपण जे आंकडे निवडतों त्यांवर अवलंबून असतें. ते कसे निवडावेत, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. संगणकावरील फाइल जशीच्या तशी तबकडीवर नकलून ठेवणें निराळें, आणि तिची डीव्हीडी-व्हिडिओ बनविणें निराळें. १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानांत ज्या तबकड्यांची विक्री सुरू झाली, त्यांची रचना नियमांनीं बांधलेली आहे. तींत चित्र सामान्यतः एमपीईजी-२ पद्धतीनें संक्षिप्त केलेलें असावें लागतें. मोबाइलवरील एमपी-४ फाइल नुसती नकलून दिली, तर संगणक ती वाचील. परंतु जुनें यंत्र तिला ओळख देणार नाहीं.

दुसरा प्रश्न चित्राच्या आकाराचा. भारतांतील डीव्हीडीसाठीं पाल ही पद्धत रूढ आहे. तींत चित्र ७२० गुणिलें ५७६ बिंदूंचें असतें व सेकंदाला २५ चित्रें दाखविलीं जातात. अमेरिकेंत व जपानांत रूढ असलेल्या एनटीएससी पद्धतींत हेच आंकडे ७२० गुणिलें ४८० आणि २९.९७ असे आहेत. मोबाइलवर पुष्कळदां सेकंदाला ३० चित्रें टिपलेलीं असतात. तीं २५ मध्यें कोंबलीं कीं चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो. यंत्र दोन्ही पद्धती वाचीत असेल, तर अशा वेळीं एनटीएससी निवडणें श्रेयस्कर. उलट, मूळ चित्रण धूसर असतां मोठे आंकडे निवडून तें रेखीव होत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

आतां सर्वांत महत्त्वाच्या आंकड्याकडे वळूं. तो म्हणजे बिटरेट, अर्थात् एका सेकंदाच्या वांट्यास येणारे बिट. एकेरी थराच्या तबकडींत ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७ अब्ज ६० कोटी बिट मावतात. समजा, तीन अंकी नाटकाचें अडीच तासांचें चित्रण आहे. अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. भागाकार केला असतां दर सेकंदास सुमारें ४१ लाख ७७ हजार बिट येतात. त्यांतून सूची व इतर रचनेसाठीं शेंकडा ५ वगळले, कीं ३९ लाख ७० हजारांच्या आसपास उरतात.

यांतच ध्वनीचाही वांटा आहे. ध्वनि असंक्षिप्त ठेवला, तर तो एकटाच सेकंदास १५ लाख ३६ हजार बिट खाऊन टाकतो. डॉल्बी पद्धतीनें १ लाख ९२ हजारांत संवाद उत्तम ऐकूं येतात. ध्वनीचे नमुने मात्र सेकंदास ४८,००० असेच निवडावेत. चित्राच्या वांट्यास अखेर साडेसदतीस लाख, म्हणजे ३.७५ मेगाबिट राहतात. याहून अधिक चांगलें चित्र हवें असेल, तर नाटकाचे अंक दोन तबकड्यांवर वांटावेत, किंवा ८.५ अब्ज बाइटांची दुहेरी थराची तबकडी घ्यावी.

चित्रण तासाभराचेंच असेल, तर हाच भागाकार एक कोटीच्या वर जातो. पण म्हणून तो आंकडा भरावयाचा नाहीं. नियमानें चित्रास ९८ लाखांची मर्यादा आहे, आणि घरीं केलेल्या तबकडीवर त्या मर्यादेस भिडलें असतां जुनीं यंत्रें अडकतात. ८० लाखांवर थांबणें शहाणपणाचें.

हे बिट सर्व सेकंदांना सारखेच वांटावेत काय? जाणती गृहिणी रोज साधा स्वयंपाक करून सणासाठीं तूपसाखर राखून ठेवते. तद्वत् ‘दोन फेऱ्यांचा बदलता बिटरेट’ निवडला, कीं पहिल्या फेरींत संगणक सर्व चित्रण पाहून घेतो, आणि दुसरींत स्थिर प्रसंगांवर काटकसर करून नाचाच्या किंवा गर्दीच्या प्रसंगांवर अधिक खर्च करतो.

चित्राचें प्रमाणही तपासावें. ४:३ व १६:९ या दोन्ही प्रमाणांत बिंदूंची संख्या तीच असते. चित्र किती रुंद पसरावयाचें, हें केवळ एका खुणेवरून यंत्रास कळतें. ती खूण चुकली, कीं नवरानवरी काठीसारखीं बारीक तरी होतात, नाहीं तर आडवीं पसरतात. जुन्या डीव्ही फितींतील चित्रण ओळीआड ओळ घेतलेलें असतें व त्यांत खालचें क्षेत्र प्रथम येतें. बाहेर काढतांना तोच क्रम कायम न ठेवल्यास हालचाल थरथरते.

शेवटीं, सर्व चित्रण रूपांतरित करण्यापूर्वीं त्यांतील सर्वांत धावपळीचा दोन मिनिटांचा भाग पुन्हां लिहितां येणाऱ्या तबकडीवर उतरवून, ज्या यंत्रावर तो पाहावयाचा त्याच यंत्रावर पाहावा. पक्की तबकडी मध्यम वेगानें लिहावी आणि लेखन बंद करण्याची क्रिया पूर्ण करावी.

आणि तबकडी उत्तम झाली तरी मूळ चित्रण पुसूं नये. संक्षेपांत जें गळालें, तें तबकडींतून परत मिळत नाहीं. तबकडी झिजली तर दुसरी करतां येईल. आजीचा आवाज पुन्हां मुद्रित करतां येईलच असें नाहीं.