समोर बसलेल्या आजीचं स्मरणचित्र

मागच्या रविवारी माळा आवरताना माझी जुनी ड्रॉइंगची फाइल सापडली. मी काही आर्टिस्ट वगैरे नाही. दिवसभर कोड लिहिते, रात्री जेवणं आटोपली की स्केचबुक उघडते. पण शाळेपासूनची सगळी चित्रं जमिनीवर ओळीनं मांडली आणि लक्षात आलं, इतकी वर्षं मी एकच चूक करतेय. आजचा भाग त्या चुकीवर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा दिली असेल. वस्तुचित्र म्हणजे समोर ठेवलेलं बघून काढायचं, स्मरणचित्र म्हणजे आठवून. माझ्या फाइलीत सरावाचं एक वस्तुचित्र आहे, तांब्याचं. तोंड छान लंबगोल, बूड मात्र पट्टीनं रेघ मारल्यासारखं सरळ! का? तर तांब्या टेबलावर सपाट बसतो, हे मला माहीत होतं. प्रत्यक्षात गोल कड डोळ्यांच्या पातळीपासून जितकी खाली, तितका तिचा लंबगोल जास्त उघडा दिसतो. घरी करून बघा. ग्लासची कड अगदी डोळ्यांसमोर धरा, नुसती रेघ दिसेल. ग्लास हळूहळू खाली न्या, रेघ उघडत जाईल.

म्हणजे वस्तुचित्राच्या नावाखाली मी स्मरणचित्रच काढत होते.

चेहऱ्याचंही तसंच. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, टाळू ते हनुवटी मोजून बघा. पण नवशिके ते हमखास वर काढतात. आपलं लक्ष नाका-डोळ्यांवर असतं ना, मग कपाळ आणि टाळूला जागाच उरत नाही. कॉलेजात असताना मी आजीला समोर बसवून तिचं चित्र काढलं. डोळे वर, सुरकुत्या म्हणून चार रेघा, मागे अंबाडा. आजी म्हणाली, "ही कोण गं बाई?" खरंच होतं. ती कुणाचीही आजी असू शकली असती.

यावर एक युक्ती आहे. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकला शिक्षिकेनं 1979च्या आपल्या पुस्तकात ती सांगितली आहे. पिकासोनं काढलेलं स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि तसंच उतरवायचं. उलट्या चित्रात 'हे नाक, हा डोळा' असं पटकन म्हणता येत नाही, मग नुसत्या रेषा आणि मधल्या मोकळ्या जागा दिसायला लागतात.

2020च्या लॉकडाउनमध्ये आजी मेथी निवडत बसली होती. मी फक्त तिचे हात काढले. बोटं म्हणून नाही, तर बोटांमधल्या फटी बघत. वीसेक मिनिटं लागली. आजीनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, माझंच बोट वाकडं!"

आजी गेल्या वर्षी गेली. चेहऱ्याच्या त्या चित्रातून मला तिचं काहीच परत मिळत नाही. पण तिच्या अनामिकेचं मधलं पेर कुठे वळायचं, ते मी आजही न बघता काढू शकते. कारण तेवढं मी खरंच बघितलं होतं.

तर तुमची जुनी चित्रं टाकून देऊ नका. मागे तारीख लिहा. आणि आज घरातलं कुणी निवांत बसलेलं असेल, तर त्यांचे फक्त हात काढा. जमले नाहीत तरी चालतील.

भेटूया पुढच्या भागात!