भारत संचार निगम लिमिटेड

दूरसंचार सेवा पुरविणारी केंद्र शासनाची कंपनी. स्थापना १५ सप्टेंबर २०००; मुख्यालय नवी दिल्ली. डाक व तार खात्यातून १९८५ मध्ये दूरसंचार विभाग वेगळा झाला. मुंबई व दिल्ली येथील सेवा १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगमाकडे गेली. उर्वरित देशातील शासकीय सेवा १ ऑक्टोबर २००० पासून या कंपनीकडे आली. धोरण शासनाकडे व व्यवसाय कंपनीकडे अशी विभागणी झाली, तरी ग्रामीण सेवेचा भार कंपनीवरच राहिला. मराठवाड्यातील नांदेड (संकेतांक ०२४६२) व लातूर (०२३८२) हे जिल्हे याची उदाहरणे होत. किनवटसारख्या डोंगराळ, वनाच्छादित तालुक्यात तारा नेण्याचा खर्च मोजक्या ग्राहकांच्या देयकांतून भरून निघत नाही. ही तूट पूर्वी मुख्यतः लांब अंतराच्या संभाषणांच्या उत्पन्नातून भरली जाई. खाजगी स्पर्धा व भ्रमणध्वनी यांमुळे ते उत्पन्न घटले. कंपनीने स्वतःची भ्रमणध्वनी सेवा २००२ मध्ये सुरू केली. २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेनुसार ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडणारी भारत ब्रॉडबँड नेटवर्क ही शासकीय कंपनी तिच्यात विलीन करण्यास २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे ग्रामीण संपर्काची जबाबदारी पुन्हा तिच्याशीच निगडित झाली.