अपूर्ण चाचणीचे स्मार्टफोन आणि ग्राहक : शेलारच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
भिवंडी तालुक्यातील शेलार हे यंत्रमाग व गोदामांच्या पट्ट्यातील जनगणना नगर आहे. यंत्रमागावर विणलेला तागा स्वीकारण्यापूर्वी तपासला जातो आणि विणीत दोष आढळल्यास त्याची झळ विणणाऱ्यापर्यंत पोहोचते. त्याच कामगाराच्या हातातील स्मार्टफोन मात्र अनेकदा दोष दूर होण्यापूर्वीच विक्रीस येतो आणि त्याची झळ निर्मात्याऐवजी ग्राहकास सोसावी लागते. या विसंगतीची कारणे व त्यावरील कायदेशीर उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सदोषतेची कारणे :
पूर्वीच्या साध्या मोबाईलमधील आज्ञावली विक्रीनंतर क्वचितच बदलत असे. त्यामुळे ती आधीच निर्दोष करणे निर्मात्यास भाग होते. इंटरनेटद्वारे सुधारित आवृत्ती पाठविण्याची सोय झाल्यावर दुरुस्ती पुढे ढकलणे स्वस्त झाले. सणासुदीचा हंगाम व स्पर्धकांची घाई यांमुळे विक्रीची तारीख आधी ठरते आणि चाचणीचा अवधी आक्रसतो. सुधारित आवृत्तीही निर्दोष असेलच असे नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलच्या आयओएस ८.०.१ या आवृत्तीमुळे अनेक आयफोन ६ संचांचा मोबाईल नेटवर्कशी संपर्कच तुटला व ती त्वरित मागे घ्यावी लागली.

महाराष्ट्रातील अनुभव :
राज्यातील अंगणवाडी सेविकांना शासनाने दिलेले फोन तापतात, मध्येच बंद पडतात, त्यांची स्मृतिक्षमता अपुरी आहे, अशा तक्रारी होत्या. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आल्यावर त्यात इंग्रजीतून माहिती भरण्याची अडचण वाढली. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी हे फोन सामूहिकरीत्या शासनास परत केले. फोन आणि ॲप स्वतंत्रपणे तपासणे पुरेसे नसते. ते दोन्ही एकत्र, प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या भाषेत व परिस्थितीत तपासावे लागतात, हे या घटनेतून स्पष्ट होते.

कायद्याचा आधार :
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूच्या गुणवत्तेतील किंवा दर्जातील उणीव हा 'दोष' ठरतो. दोष सिद्ध झाल्यास जिल्हा आयोग दुरुस्ती, बदली वस्तू किंवा किंमत परत देण्याचा आदेश देऊ शकतो. तक्रारदार आपल्या निवासाच्या जिल्ह्यातच दाद मागू शकतो; म्हणजे शेलारच्या रहिवाशाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेला फोनही या संरक्षणास पात्र ठरतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत तक्रारीस शुल्क नाही. मुदत मात्र २ वर्षांची आहे.

अडचण पुराव्याची असते. आज्ञावलीतील दोष अधूनमधून प्रकट होतो आणि सेवा केंद्रात नेमका दिसत नाही. म्हणून खरेदीची पावती, दोषाचे चित्रीकरण व सेवा केंद्राने प्रत्येक भेटीत दिलेली लेखी नोंद जपणे अगत्याचे आहे. 'पुढील अपडेटमध्ये सुधारेल' हे तोंडी आश्वासन लेखी घ्यावे. अन्यथा त्या प्रतीक्षेतच मुदत संपते.

समारोप :
रोजंदारीवरील व्यक्तीस सेवा केंद्राची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी असते. अपुऱ्या चाचणीतून निर्माता वाचवितो तो खर्च प्रत्यक्षात असाच वसूल होतो. तक्रार लिहिणे व पुरावा जपणे ही कौशल्ये महाविद्यालयीन अध्यापनात आल्यास हा भार काही अंशी मूळ जागी परतविता येईल.