‘जिवंत’ प्लास्टिक आणि चिंचेचे आम्ल

हिरवे पान छापलेला पेला मालवणच्या चिवला किनाऱ्याच्या वाळूत टाकून देताना अनेकांना वाटते, हा तर मक्याचा, समुद्रात विरघळून जाईल. तो बहुधा पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचा असतो. दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे दोन-दोन रेणू जोडून कडी होते, आणि ती कडी उघडून पुढच्या कडीला अडकवत गेले की प्लास्टिकची साखळी तयार होते. या रसायनशास्त्रातले शब्दच फसवे आहेत.

पहिला शब्द ‘जिवंत’. १९५६ साली मायकेल श्वार्त्स यांनी ‘जिवंत पॉलिमर’ हे नाव दिले. त्यात जीव नसतो. समजा, दहा जणी एकाच वेळी वळेसर, म्हणजे फुलांचे गजरे, करायला बसल्या, परडीत अबोलीची हजार फुले, हात सारखेच चालणारे. परडी रिकामी होईल तेव्हा प्रत्येकीच्या दोऱ्यात शंभराच्या आसपास फुले असतील. शेवटची गाठ मात्र कोणी मारलेली नाही. आता सुरंगी आणून दिली, तर त्याच दोऱ्यात अबोलीपुढे सुरंगी गुंफली जाईल. साखळीचे टोक असे उघडे राहते, म्हणून ती ‘जिवंत’. आणि लांबी आधी ठरवता येते, म्हणून ‘नियंत्रित’. आपल्या कोकणातल्या पावसाळी हवेत हे काम फार जपून करावे लागते. पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतःच नवा दोरा सुरू करतो, सगळ्यांच्या वाट्याची फुले कमी होतात आणि हिशेब बिघडतो.

कडी उघडायला उत्प्रेरक लागतो, आणि ते काम आम्लही करू शकते. ‘आम्लाने वस्तू झिजतात, मग घडतात कशा?’ हा प्रश्न रास्त आहे. आम्ल कडीला एक प्रोटॉन उसना देते. कडी उघडायला राजी होते, साखळीत जोडली जाते, आणि प्रोटॉन आम्लाकडे परत येतो. म्हणून थोडेसे आम्ल पुरते.

अशा आम्लांना ‘ऑरगॅनिक’ उत्प्रेरक म्हणतात. ‘ऑरगॅनिक’ म्हणजे सेंद्रिय शेतीतले, हाही गैरसमजच. इथे त्याचा अर्थ कार्बनयुक्त, धातूविरहित एवढाच. ट्रिफ्लिक आम्ल ऑरगॅनिकच, पण कातडी जाळते. तरी एक गोष्ट मला मनापासून आवडते: चिंचेतल्या टार्टारिक आम्लानेही कॅप्रोलॅक्टोन या दुसऱ्या रेणूच्या कड्या उघडतात, हे स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. पुढे जपानमध्ये डायफेनिल फॉस्फेट हे आम्ल वापरून लांबीवरचा ताबा पक्का झाला. शरीरात राहणाऱ्या टाक्यांच्या धाग्यात आणि औषधाच्या वेष्टनात धातूचा अंश नको असतो; या आम्लांची खरी गरज तिथे आहे.

पेल्याचे पीएलए मात्र कारखान्यात आजही बहुतेक कथिलाच्या संयुगानेच बनते. आणि उत्प्रेरक कोणताही वापरला, तरी पेला समुद्रात विरघळत नाही. त्याला कुजायला औद्योगिक कंपोस्टची साठ अंशांच्या आसपासची ऊब, ओलावा आणि सूक्ष्मजीव लागतात. मालवणचे पाणी तिशीच्या आसपासच असते. तिथे तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. रापणीच्या जाळ्यात मासळीबरोबर तोही येऊ नये असे वाटत असेल, तर पेला सोबत परत न्या.