अठरा वर्षांचें एक काम

साक्री तालुक्यांत पांझरेच्या कांठानें जो हिंडला असेल, त्यानें तेथील जुने बंधारे व त्यांतून निघालेले पाट पाहिलेच असतील. या पाटांवर जी शेतीची व्यवस्था पूर्वीं सर्रास चाले, आणि कांहीं ठिकाणीं अद्यापि चालते, तिला खानदेशांत फड पद्धति म्हणतात. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पाण्याची पाळी पाटकऱ्यानें सांभाळावयाची, आणि पाटांतला गाळ सर्वांनीं मिळून काढावयाचा. बंधारे ज्यांनीं बांधले त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. पण त्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या जेवल्या.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत धीराचा विषय निघाला म्हणजे असाच शेतकरी पुढें येतो. याकोबाच्या पत्रांत पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहत बसलेल्या कुणब्याचा दाखला आहे. मूळ ग्रीक भाषेंत या गुणाला 'हुपोमोने' असा शब्द आहे, आणि त्याचा धात्वर्थ ओझ्याखालीं टिकून राहणें असा होतो. आपल्या नेहमींच्या 'सहनशीलते'हून हा अर्थ आम्हांस थोडा निराळा वाटतो. सहन करणारा हात बांधून बसूं शकतो; टिकून राहणाऱ्याचे हात चालूच असतात.

अशी टिकून राहिलेली एक बाई आपल्याच घरांतली होती. पंडिता रमाबाईंचें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. १८५८ सालीं जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं स्वतःच्या पत्नीस संस्कृत शिकविलें, म्हणून सनातन्यांचा रोष पत्करला. आणि त्या मातेनें आपल्या लेकीस पढविलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले. पुढें भावाबरोबर पायीं देश पालथा घालीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्यावर तेथील पंडितांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली. १८८० सालीं विवाह, दोन वर्षांच्या आंत वैधव्य, १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा. वैद्यकीचें शिक्षण घ्यावें म्हणून त्या गेल्या होत्या, परंतु कानांनीं दगा दिला आणि तो विचार सोडावा लागला.

त्यांच्या धर्मांतराविषयीं घरोघर जे वाद झाले ते येथें उकरण्याचें कारण नाहीं. १८९३ सालीं पुण्यांत शारदासदनाविषयीं रण माजलें, आणि रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनींही सल्लागार मंडळ सोडलें, हें सर्वश्रुत आहे. त्या वादांत कोणाचें किती खरें हें ठरवीत बसल्यानें रमाबाईंचें उत्तरायुष्य मात्र आपल्या नजरेआड झालें, असें आम्हांस वाटतें.

तें उत्तरायुष्य पुणें जिल्ह्यांत केडगांवीं गेलें. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों मुली व विधवा 'मुक्ति'मध्यें राहत होत्या. त्यांचें जेवण, विहिरी, शेती, माग, शाळा, दुखणींबाणीं सर्व बाईंच्या शिरावर. अशा संसारांत, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, बाईंनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर करावयास घेतलें.

मराठींत बायबल नव्हतें असें नाहीं. श्रीरामपूरच्या विल्यम केरीनें वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें नवा करार १८११ सालींच काढला होता. (हा केरीही चिकाटीचाच माणूस. १७९३ सालीं बंगाल्यांत आल्यावर पहिला माणूस ख्रिस्ती व्हावयास सात वर्षें लागलीं. १८१२ सालीं छापखान्यास आग लागून हस्तलिखितें जळालीं, तेव्हां त्यानें तीं कामें पुन्हां आरंभिलीं.) पुढें बायबल सोसायटीचें भाषांतरही होतें. रमाबाईंची तक्रार भाषेविषयीं होती. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, आणि खेड्यांतून आलेल्या अक्षरशत्रु बाईस तें कळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. ज्या बाईला हजारों श्लोक मुखोद्गत, तिनें आपली विद्या बाजूस ठेवून दळणाकांडणाच्या मराठीकडे वळावें, यांत आम्हांस सर्वांत मोठा त्याग दिसतो. अवघड लिहिणें पंडितास सोपें असतें; सोपें लिहावयास त्यास सगळें शिकलेलें पुन्हां चाळावें लागतें.

हें काम सुमारें अठरा वर्षें चाललें. नुसतें भाषांतर करून तें दुसऱ्याच्या हवालीं केलें असेंही नाहीं. खिळे जुळविणें, छापणें, बांधणी, सारें मुक्तींतल्या मुलीच करीत. मुद्रितें बाई तपाशीत. ऐकूं येणें कमी झालेलें, शरीर थकलेलें, आणि १९२१ च्या जुलै महिन्यांत एकुलती एक कन्या मनोरमा वारली. संस्था पुढें जिनें चालवावयाची तीच गेली. तरी काम थांबलें नाहीं. तें हातावेगळें झालें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं बाईंनीं डोळे मिटले. बांधलेलें पुस्तक १९२४ सालीं बाहेर पडलें. तें त्यांनीं पाहिलें नाहीं. संपूर्ण बायबल मूळ भाषांतून एकट्या स्त्रीनें उतरविल्याचीं उदाहरणें जगांत फारच थोडीं; अमेरिकेंतील जूलिया स्मिथ हिचें इंग्रजी भाषांतर १८७६ सालचें आहे. नारायण वामन टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात् लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें, तीही याच जातीची गोष्ट. पण तिजविषयीं पुन्हां केव्हां तरी.

आतां या अठरा वर्षांचें फळ काय, असें कोणी विचारील. सरळ सांगावयाचें तर मराठी मंडळ्यांनीं रमाबाईंचें भाषांतर सर्वत्र उचललें नाहीं; उपासनेंत सोसायटीचेंच चालू राहिलें. शब्दशः भाषांतराच्या हट्टानें त्यांचें मराठी कोठें कोठें अडखळतें, हेंही खरें. मात्र केडगांवची संस्था आजही चालू आहे. आणि त्या छापखान्यांत ज्या मुलींनीं एवढा ग्रंथ खिळ्याला खिळा लावून जुळविला, त्यांतल्या कितीएकींना दुष्काळापूर्वीं अक्षरओळखसुद्धां नव्हती.