सुटका झालेल्या बुजऱ्या घोड्याचे पुनर्वसन

लग्नसराईच्या दिवसांत डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्याने संध्याकाळी एखादी वरात निघते. बँडचा आणि ध्वनिक्षेपकांचा गोंगाट चालू असतो, फटाक्यांचा धूर पसरलेला असतो, आणि दोन्ही बाजूंनी रिक्षा व मोटारी घसटून जात असतात. त्या सगळ्यात नवरदेवाचा घोडा निमूटपणे उभा असतो. पाहणाऱ्याला तो शांत वाटतो. अशा घोड्यांपैकी एखाद्याची पुढे जखमी, उपाशी किंवा बेवारस अवस्थेत सुटका होते आणि मोकळ्या जागी येताच तोच घोडा निराळा दिसू लागतो. माणसाचा हात वर झाला की तो मान झटकतो, दोर पाहताच मागे सरतो, पाठीमागे पत्रा वाजला की दुगाण्या झाडतो. मग ‘हा घोडा खोडकर आहे’ असा शिक्का बसतो. वास्तविक तो घोडा पूर्वीही शांत नव्हता. पूर्वी त्याला पळण्यास वाव नव्हता, एवढाच काय तो फरक.

निमूटपणा आणि शांतपणा यांतील हा भेद ज्याच्या ध्यानी आला, त्याला अशा घोड्याच्या पुनर्वसनाचे निम्मे शास्त्र समजले असे म्हणण्यास हरकत नाही.

ठाणे परिसराचा घोड्याशी संबंध जुना आहे. घोडबंदर हे नाव अरबी घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. कल्याण-डोंबिवलीच्या भागात एके काळी टांगा हे नित्याचे वाहन होते. रिक्षांची संख्या वाढत गेली तसे टांगे मागे पडले. मुंबईत ‘व्हिक्टोरिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घोडागाड्या त्यानंतरही पर्यटकांच्या हौसेसाठी चालू राहिल्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदेशीर ठरवून एका वर्षात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. गाड्यांचे मालक व चालक यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यासही न्यायालयाने शासनास सांगितले. मार्च २०२१ मध्ये मुंबईत विजेवर चालणाऱ्या बग्ग्या धावू लागल्या. गाडीला असा पर्याय मिळू शकतो. मात्र गाडीतून सुटलेल्या जनावराला पुढे वीस-वीस वर्षे जगायचे असते. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो, ही गोष्ट अशा चर्चेत बहुधा विसरली जाते.

कायद्याचा आधार

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. त्याखालील १९६५ च्या नियमांप्रमाणे ओझ्याच्या किंवा गाडीच्या जनावराकडून दिवसाकाठी एकूण नऊ तासांपेक्षा अधिक, व विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. जेथे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जाते, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्याला जुंपता येत नाही. काटेरी लगाम वापरण्यासही मनाई आहे. तट्टाच्या पाठीवरील ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. गावच्या जत्रेत किंवा बांधकामावर हे नियम कितपत पाळले जातात, हे पंचायत सदस्यांना बाहेरच्या कोणी सांगण्याची आवश्यकता नाही.

नियमभंगाच्या प्रकरणात जप्त झालेला घोडा खटला चालू असेपर्यंत कोठे ठेवावयाचा, हे २०१७ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. दंडाधिकारी त्याचा ताबा पशुशुश्रूषालय, पांजरपोळ किंवा प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था यांच्याकडे देऊ शकतात. आरोपी दोषी ठरल्यास त्याची मालकी संपुष्टात येते आणि जनावर ज्या संस्थेच्या ताब्यात असेल तिच्यामार्फत ते योग्य व्यक्तीस दत्तक देता येते. शुश्रूषालयातील जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राशिवाय बाहेर सोडता येत नाही, अशी तरतूद मूळ अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये आहे. यास्तव, दया येऊन कोणी रस्त्यावरचा घोडा परस्पर आपल्या वाडीवर नेऊन बांधला, तर हेतू चांगला असूनही तो अडचणीत येऊ शकतो. प्रथम पोलीस ठाणे व पशुवैद्यकीय दवाखाना यांना कळविणे हेच श्रेयस्कर.

पहिले दिवस

उपाशी घोडा घरी आला की त्याला पोटभर चंदी घालावी, असे कोणालाही वाटते. येथेच जिवाला धोका असतो. दीर्घ उपासमारीनंतर धान्य एकदम पोटात गेले तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये झपाट्याने पेशींत ओढली जातात आणि हृदय व श्वसन यांचे कार्य बिघडते. वाचविलेला घोडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दगावतो तो पुष्कळदा या कारणाने. त्यामुळे प्रारंभी लसूणघासासारखा पिष्ट कमी असलेला चारा थोडा थोडा, दिवसातून अनेक वेळा देतात व सुमारे दहा दिवसांत त्याचे प्रमाण वाढवीत नेतात. हरभरा व इतर धान्य पुढे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. घोड्याचे जठर लहान असते व त्याला ओकता येत नाही, त्यामुळे खाण्यातील प्रत्येक चूक पोटशूळाच्या रूपाने उभी राहते. पाणी मात्र स्वच्छ व सदैव जवळ हवे. मोठ्या घोड्याला दिवसाकाठी २५ ते ४० लिटर लागते.

नव्याने आलेला घोडा इतर जनावरांपासून वेगळा ठेवावा लागतो. ग्लँडर्स हा रोग घोड्यांपासून माणसालाही होतो व त्याची रक्ततपासणी टाळून चालत नाही. धनुर्वाताची लस, जंतांवरील औषध, दातांची तपासणी ही कामे याच काळातील. खुरांचे काम सर्वांत नाजूक. ते दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात; कोकणच्या पावसाळ्यात ठाण कोरडे राहिले नाही तर खुराचा तळ कुजतो. जाणता नालबंद मिळणे आज शहराजवळही सोपे राहिलेले नाही. गुंतागुंतीच्या आजारासाठी परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय यांचा आधार आहे.

वेदनेचा शोध हा शिक्षणाच्या आधीचा भाग होय. खोगिराखालची जुनी जखम, कडियाळाने कापलेले तोंड, टोचणारी दाढ यांपैकी काहीही शिल्लक असेल, तर घोडा अंगाला हात लावू देत नाही आणि त्याला भित्रा किंवा दुष्ट ठरविले जाते. दुखणे बरे झाल्यावर अशा ‘दुष्ट’ घोड्यांपैकी कित्येक आपोआप निवळतात.

भीती कशी जाते

घोडा हा मुळात पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते; केवळ कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे थेट समोरून किंवा मागून जाऊ नये. खांद्याच्या दिशेने, तिरके, हळू बोलत जावे. त्याने मान वर केली, कान मागे पाडले, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर तेथेच थांबावे व एक पाऊल मागे यावे. मागे येणे ही माघार नसून हाच पहिला धडा आहे, कारण आपण सांगितलेले या माणसाला कळते, हे घोड्याला त्यातून उमगते.

पुढील सर्व शिक्षण याच तत्त्वावर उभे आहे. म्होरकीचा दोर किंचित ताणला जातो. घोड्याने एक पाऊल पुढे टाकताच तो ताण त्याच क्षणी सोडावयाचा. घोडा ताणामुळे शिकत नाही, ताण सुटल्यामुळे शिकतो. सोडण्यास दोन क्षणांचा उशीर झाला तरी त्याला नेमके काय बरोबर केले ते कळत नाही. पूर्वीच्या पागांतील चांगले चाबूकस्वार हे जाणत असत. त्यांच्या नावातील चाबूक हातात असे, पण त्याचा उपयोग ते क्वचितच करीत. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, असा आग्रह त्यातही आढळतो. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्वचिकित्सेची मोठी परंपरा आहेच.

स्पर्शाची सुरुवात मानेच्या मुळाशी, पाठ जेथे सुरू होते त्या उंचवट्यावर करावी. घोडे परस्परांना तेथेच खाजवितात. त्या जागी खाजविल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे फ्रान्समधील कामार्ग भागातील घोड्यांवर झालेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. खरारा करण्याचे काम त्यामुळे केवळ स्वच्छतेचे राहत नाही. पहिल्या काही आठवड्यांत हे काम शक्यतो एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी करावे. मोतद्दार रोज बदलत राहिला तर घोड्याला रोज नव्याने घाबरावे लागते. सोबतीला दुसरा शांत घोडा, गाढव किंवा निदान शेळी असावी. घोडा कळपाचा प्राणी आहे, त्याला एकांत सोसवत नाही.

आवाजाची भीती घालविण्यासाठी बऱ्याच ठिकाणी एक अघोरी उपाय केला जातो. घोड्याला आगाडी-पिछाडीने जखडतात आणि तो धडपड थांबवीपर्यंत जवळ डबे बडवितात किंवा फटाके लावतात. घोडा थांबतो खरा, परंतु सुटका नाही असे कळल्यामुळे थांबतो. वरातीतला निमूटपणा हाच. असा घोडा वर्षभर गरिबासारखा वागतो व एखाद्या दिवशी लहानशा निमित्ताने चौखूर उधळतो. योग्य पद्धत याच्या उलट आहे. बँडचा ध्वनिमुद्रित आवाज दूरवर, अगदी हळू लावावा, तेव्हा घोडा आपल्या जागी चारा खात असावा. त्याने खाणे थांबविले तर आवाज जास्त झाला असे समजावे. छत्री, प्लॅस्टिकची पिशवी, रिक्षाचा भोंगा यांचेही तसेच. दिवसातून दहा-पंधरा मिनिटांचे दोन धडे पुरतात. मान खाली येणे, ओठ सैल पडणे, तोंड चावल्यासारखे हलविणे, एक मागील पाय सैल सोडून उभे राहणे ही निवळल्याची चिन्हे होत.

यास किती दिवस लागतात? काही घोडे सहा आठवड्यांत म्होरकी घालून घेतात व चारही पाय उचलू देतात. काहींना वर्ष लागते. काही जण एखाद्या गोष्टीला जन्मभर बुजतात. तारीख आधी ठरवून काम करणाऱ्याने घोड्याच्या वाटेला जाऊ नये.

दत्तक देताना

डोंबिवलीच्या दाट वस्तीत घोड्याला जागा नाही. मुरबाड, शहापूर, बदलापूर या बाजूच्या वाड्या व शेते हीच त्याची संभाव्य घरे, आणि म्हणूनच ग्रामपंचायतींचा येथे संबंध येतो. घोडा दत्तक घेऊ इच्छिणारे पुष्कळ असतात. त्यांतील काहींना तो लहान मुलांच्या रपेटीसाठी हवा असतो आणि काहींना, स्पष्ट सांगावयाचे तर, पुढच्या लग्नसराईसाठी. संस्थेने जागा प्रत्यक्ष पाहावी: निवारा, कोरडे ठाण, कुंपण, पाण्याची सोय, जवळचा दवाखाना आणि घरात घोड्यापाशी रोज वेळ देणारे माणूस. लेखी करारात विक्री, भाड्याने देणे, वरात, शर्यत व पैदास यांना मनाई असावी. सांभाळणे अशक्य झाल्यास घोडा संस्थेकडेच परत यावा. ज्याच्या पाठीला कायमची इजा आहे, त्याच्यावर कोणीही बसू नये, हेही करारातच लिहावे.

येथे पूर्वीच्या मालकाविषयीही थोडे सांगणे भाग आहे. घोड्यावर पोट असलेला प्रत्येक माणूस क्रूर असतो असे नाही. चाऱ्याचे भाव, कर्ज आणि हंगामी धंदा यांत सापडून तो आधी घोड्याच्या चंदीत व मग स्वतःच्या ताटात काटकसर करतो. त्याला दुसरा रोजगार मिळाला नाही, तर एक घोडा सुटतो आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. काही ठिकाणी अशाच माणसाचे घोड्याविषयीचे ज्ञान मोतद्दार म्हणून उपयोगी पडू शकते. मात्र ज्या घोड्याला त्याच्याच हातून मार बसला, त्या घोड्यापाशी त्याला नेमू नये.

नवा पालक निवडल्यावर त्याने निदान पाच-सहा वेळा घोड्याच्या सध्याच्या जागीच येऊन चारा देणे, खरारा करणे, चालविणे हे स्वतः करावे. घोडा नेताना त्याची रोजची म्होरकी, दोर व तोबरा बरोबर द्यावा; शक्य असेल तर सोबती जनावरही द्यावे. नव्या जागी पहिले दोन-तीन आठवडे शिकलेले बरेचसे विसरल्यासारखे होते व जुनी भीती उसळी मारते. या काळात पालक घाबरून घोडा परत आणतात किंवा रागावून दोर आवळतात, म्हणून संस्थेच्या माणसाने पहिल्या महिन्यात दर आठवड्यास व नंतर तीन महिन्यांनी भेट द्यावी.

घोड्याबरोबर एक साधी वहीही जावी. तीत लसीकरणाच्या व खूर तासल्याच्या तारखा, चाऱ्याचे प्रमाण, घोड्याला आवडणारी खाजविण्याची जागा आणि तो अजूनही कशाला बुजतो याची नोंद असावी. काळी छत्री, मागून येणारी सायकल, हिरव्या कपड्यातला माणूस, जे असेल ते. वहीची एक प्रत पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि एक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवल्यास, पालक गावी नसताना रात्री घोडा सुटला तरी त्याला कोणत्या बाजूने गाठावे हे शेजाऱ्यास ठाऊक असेल.